इतिहास सांगताना नकाशा उघडा
(रेडिओवरील भाषण)



ज्यांच्या घरात सहावी, सातवी, आठवीतली लेकरं आहेत अशा आईवडिलांशी आणि आजी-आजोबांशी आज मला बोलायचं आहे. विषय दिला आहे तो असा : घरी इतिहास-भूगोल शिकवण्याची साधनं. साधनं सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगते, आणि ती कानावरून जाऊ नये म्हणून मधूनमधून पुन्हा सांगणार आहे. इतिहासाचा धडा नकाशा उघडल्याशिवाय शिकवू नका. घरी तर मुळीच नको.

आपल्याकडे होतं काय? संध्याकाळी आई पुस्तक हातात धरते आणि विचारते, लढाई कधी झाली? लेकरू सन सांगतं. तह कोणाकोणात झाला? दोन नावं सांगतं. शाब्बास, झाला इतिहास. भूगोल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वहीत. बालाघाटचा डोंगर कुठे आहे? मराठवाड्यात. बरोबर, एक मार्क. आणि हे उत्तर देणारं लेकरू बसलेलं असतं तुळजापुरात, खुद्द बालाघाटावर! त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की, बाळा, तो डोंगर तुझ्या पायाखाली आहे.

ज्वारीच्या भाकरीचं बघा. इतिहास म्हणजे पीठ आणि भूगोल म्हणजे पाणी. नुसतं पीठ काटवटीत घेऊन कितीही वेळ बसलं तरी भाकरी होत नाही. वाऱ्याची झुळूक आली की ते उडतं. परीक्षा संपल्यावर सनावळ्या उडतात त्या अशाच. नुसतं पाणी तर हातातच राहत नाही. पिठात पाणी हवं, आणि तेही एकदम ओतायचं नाही; लागेल तसं, जरा जरा घालत मळायचं. मळायला तळहाताचा जोर लागतो. तो जोर लेकराचा हवा, तुमचा नको. नकाशावर बोट त्यानं फिरवायचं, पेन्सिलनं रेघ त्यानं ओढायची.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नळदुर्ग आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातला. सहल गेली, पाणीमहाल पाहिला, नर-मादी धबधब्याचे फोटो काढले, उपळी बुरुजावर चढलो, डबे खाल्ले, परत आलो. लेकराला एकच प्रश्न विचारायचा राहिला : हा किल्ला इथेच का? घरी या, नकाशा उघडा. बोरी नदी शोधा. सोलापूर शोधा, हैदराबाद शोधा, दोन्ही जोडणारी रेघ ओढा. ती रेघ नळदुर्गाला बोरी ओलांडते. नदी जिथे वाट अडवते, तिथे जो बसेल त्याच्या हातात वाट. म्हणून किल्ला तिथे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर बांध घातला, पाणी किल्ल्याभोवती खेळवलं आणि त्या बांधाच्याच पोटात महाल केला. पूर आला की पाणी डोक्यावरून कोसळतं आणि आत माणूस कोरडा उभा राहू शकतो. सौंदर्य तर आहेच. पण त्याआधी तो बांध आहे, नदीला राखणीला बसवण्याची युक्ती आहे.

आता तेच बोट तिथेच ठेवा आणि सन बदला. 13 सप्टेंबर 1948. भारतीय फौज सोलापूरच्या बाजूनं हैदराबाद संस्थानात शिरली. पहिली चकमक कुठे झाली? नळदुर्गला. फौजेला सगळ्यात आधी काय हवं होतं? बोरी नदीवरचा पूल, आणि तोही शाबूत. महिना सप्टेंबरचा, पावसाळ्याचा. पूल उडवला गेला असता तर रणगाडे अलीकडेच अडकले असते. पण झडप अशी पडली की पूल धड हाती लागला. सकाळी नऊला फौज जळकोटात होती आणि दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्यात. 17 तारखेला संस्थान शरण आलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आपण झेंडा लावतो ना, त्या दिवसाची वाट आपल्या बोरीच्या पुलावरून गेलेली आहे.

बघा, आदिलशहाचा बांध आणि 1948 चा पूल यांच्यामध्ये तीनशेहून जास्त वर्षं गेली. राजे बदलले, हत्यारं बदलली. नदी मात्र तीच, वाट तीच, म्हणून लढाईची जागाही तीच. एकदा हे लेकराच्या हातानं नकाशावर उमटलं की 13 सप्टेंबर त्याला पाठ करावा लागत नाही. पीठ आणि पाणी एकजीव झालं. पुन्हा सांगते : इतिहास सांगताना नकाशा उघडा.

कोणाला वाटेल, हे आपल्याच जिल्ह्यापुरतं असेल. तसं नाही. अमेरिकेत लेकरांना शाळेत न घालता घरीच शिकवायला सगळ्या पन्नास राज्यांत कायद्यानं मुभा आहे. अशा घरात आठवीच्या वयाच्या मुलाला देशाचा इतिहास शिकवायचा झाला तर 1803 साल येतंच. त्या वर्षी अमेरिकेनं फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अवाढव्य प्रदेश विकत घेतला. का घेतला? पुस्तकी उत्तर आहे, देश वाढवायला. नकाशा वेगळं बोलतो. मिसिसिपी नदीवर बोट ठेवा, खाली समुद्रापर्यंत या, न्यू ऑर्लिन्स बंदर लागतं. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा माल या नदीतून या बंदरात उतरायचा. बंदर परक्याच्या हातात म्हणजे शेतकऱ्याची मान परक्याच्या हातात. बंदराची बोलणी करायला माणसं गेली आणि सगळा मुलूख घेऊन आली. तिथे मिसिसिपी, इथे बोरी. पद्धत एकच.

आता साधनांकडे येते. पैसे फार लागत नाहीत, हे आधी सांगते.

पहिलं साधन तुमच्या माळ्यावर आहे. लेकराचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक. आपल्या राज्यात ते जिल्ह्यावार निघतं. आपल्या जिल्ह्याचे तालुके, नद्या, पिकं सगळं त्यात आहे, आणि आपण ते चौथीत गेल्या गेल्या रद्दीत घालतो. घालू नका. सहावीत प्राचीन भारत येतो, सातवीत मध्ययुग, आठवीत आधुनिक काळ. प्रत्येक वर्षी ते तिसरीचं पुस्तक शेजारी उघडं ठेवा. रद्दीत गेलंच असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

दुसरं, उस्मानाबाद, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्याचं गॅझेटिअर. नाव ऐकून घाबरू नका. जिल्ह्याच्या नद्या, बाजार, किल्ले, देवस्थानं यांची सरकारनं केलेली नोंद ती. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. सगळं वाचायचं नाही. आपल्या तालुक्याचं पान काढा, पुरे.

तिसरं, भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे. त्यांत समोच्चरेषा असतात, ओढे असतात, विहिरी असतात. त्यावर एक खेळ घ्या. तेरणा आणि मांजरा कुठे जातात ते शोधायला सांगा : गोदावरीला. बोरी आणि सीना कुठे जातात? भीमेला, आणि भीमेतून कृष्णेला. म्हणजे आपल्या बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाची वाटणी होते. अलीकडचा थेंब कृष्णेचा, पलीकडचा गोदावरीचा. शेवटी दोघं बंगालच्या उपसागरातच भेटतात. हे लेकराला रंगीत पेन्सिलनं काढू द्या. संध्याकाळ कशी जाते कळणार नाही.

चौथं साधन तेर. धाराशिवपासून अगदी जवळ, आणि तरी कित्येक घरांतली लेकरं गोरोबाकाकांच्या समाधीला डोकं टेकवतात आणि तिथलं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय न बघता एसटी पकडतात. मला याचं फार वाईट वाटतं. अहो, सहावीच्या पुस्तकातलं सातवाहनांचं पान तिथे काचेमागे ठेवलेलं आहे! मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या वस्तू, आणि तेरची ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तिच्यासारखीच एक मूर्ती इटलीत पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात सापडली. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. म्हणजे तेवढ्या जुन्या काळात आपल्या मुलखातल्या कारागिरीची वस्तू समुद्रापार पोचत होती.

पण इथेही नकाशा सोडू नका. पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तेरचं नाव तगर असं येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते आहे, आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांतून भडोचला जातं, असं त्यात म्हटलं आहे. लेकराला सांगा, तेरवर बोट ठेव, पैठणला ने, तिथून नर्मदेच्या मुखाशी भडोचला ने. मग विचारा : कापडच का? आपली काळी माती कोणत्या पिकाची? उत्तर लेकरू स्वतः देईल. स्वतः दिलेलं उत्तर विसरत नाही.

पाचवं साधन, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं, ते घरातच खाटेवर बसलेलं आहे. आजी-आजोबा. 1972 च्या दुष्काळात कोणत्या कामावर खडी फोडली, सुकडी कुठे मिळायची, पाणी कोणत्या विहिरीवरून आणलं, हे त्यांना विचारा. लोहारा-उमरग्याच्या बाजूची घरं असतील तर 30 सप्टेंबर 1993 ची पहाट विचारा. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. सास्तूरसारख्या गावी लेकरानं हातात वही घ्यावी आणि आजोबांच्या सांगण्यावरून जुन्या गावाचा नकाशा काढावा : वेस कुठे, मारुती कुठे, आड कुठे. शेजारी नव्या गावठाणाचा काढावा, सरळ रस्त्यांचा. मग विचारावं, दगडमातीची जाड भिंत आणि मातीचं धाबं का घातक ठरलं? हा इतिहास झाला, भूगोल झाला आणि थोडं विज्ञानही झालं. मात्र आजोबांचे डोळे भरून आले तर वही मिटायची. ते भान लेकराला शिकवा.

शिकलेल्या आया मला म्हणतात, आम्ही शिकवू, पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? त्यांना माझं सांगणं आहे. भूम, वाशी, कळंबकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, लेकरं बरोबर जातात. ते लेकरू सीना ओलांडतं, भीमा ओलांडतं, पार कृष्णाकाठच्या कारखान्यापर्यंत पोचतं. परत आल्यावर आपण त्याला 'मागे पडलेलं' म्हणतो. तसं म्हणू नका. त्याच्यापुढे नकाशा ठेवा आणि विचारा, कुठून कुठून गेलास? कोणती नदी आधी लागली? माती कुठे बदलली? वर्गातल्या कोणालाही येत नाही तेवढा भूगोल त्याला येत असतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं. नकाशा शाळेचा, अनुभव लेकराचा, आईनं फक्त ऐकायचं. वाचता येण्याची गरज नाही.

घरी शिकवण्याला कमी लेखू नका. 1921 मध्ये आपल्याच भागात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, निजामी राजवटीत लोकांनी चालवलेली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. सरकारी व्यवस्थेबाहेर, लोकांनी आपल्या हिमतीवर लेकरं शिकवली, त्यातून मुक्तिसंग्रामाची माणसं उभी राहिली.

आठवीच्या पालकांसाठी एक राहिलंच. 1857 शिकवताना हे जरूर सांगा : 1853 च्या तहानं निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर आपला धाराशिव-नळदुर्ग मुलूखही इंग्रजांकडे सोपवला होता. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गात राहून कारभार बघत होता. 1860 मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला. हाच का परत दिला आणि वऱ्हाड का ठेवून घेतलं? नकाशा उघडा, कापूस कुठे पिकतो बघा...

वेळ होत आली, खूण झाली. परंड्याच्या किल्ल्यावर बोलायचं होतं. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ परंड्याला होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ आधी परंड्यालाच होती. सुमारे 55 टनांची तोफ भीमा ओलांडून विजापूरला नेली कशी असेल? वाट कुठली, उतार कुठला, किती बैल? हे तुम्ही आणि लेकरू मिळून शोधा. मी सांगण्यापेक्षा ते बरं.

तर मंडळी, भाकरी करताना पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की कितीही थापा, कडा फाटतात. इतिहासाचंही तसंच, नुसता साठवून ठेवला की त्याची विरी जाते. ताजा दळा, नकाशाचं पाणी घाला, लेकराच्या हातानं मळू द्या. येत्या रविवारी एक धडा, एक नकाशा, एक रेघ, एवढंच करा. नकाशा भिंतीवर लावा, कपाटात ठेवू नका. लेकराचा हात पोचेल इतक्या उंचीवर लावा.