बडोद्याची फिरती पेटी

श्रोतेहो, आज बोलायचे आहे ते ग्रंथालयांच्या कारभाराविषयी. पण पुस्तकांच्या आधी मला एका किल्लीची गोष्ट सांगावी लागेल.

आमच्या गावी मारुतीच्या देवळाच्या ओवरीत वाचनालय होते. दोन कपाटे, एक बाक आणि भिंतीवर सरकारी मान्यतेचे प्रमाणपत्र, एवढा संसार. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत, त्यांवरची नावेही वाचता येत. पण कपाट उघडलेले मी वर्षातून दोनदाच पाहिले. एकदा तपासणी आली तेव्हा आणि एकदा वाळवी लागली तेव्हा. किल्ली चिटणिसांकडे, आणि चिटणीस राहायला तालुक्याला. माणूस वाईट नव्हता हो. त्यांचे म्हणणे एवढेच, की रोज दोन तास इथे बसणार कोण, आणि बसणाऱ्याला देणार काय? या प्रश्नाला गावात उत्तर नव्हते, म्हणून कपाट बंद.

पुढे प्राध्यापकी करू लागल्यावर बडोदे संस्थानच्या ग्रंथालय खात्याची हकीकत वाचनात आली, आणि ध्यानात आले की आमच्या चिटणिसांचाच प्रश्न तिथे १९१० साली समोर ठेवून सोडवायला घेतला होता.

सयाजीराव महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला. १८७५ साली दत्तक जाऊन ते गादीवर आले तेव्हा त्यांना अक्षरओळखही धड नव्हती. वाढत्या वयात धुळाक्षरांपासून शिकावे लागलेला हा राजा. शिक्षणाचे मोल त्याला कोणी पढवावे लागले नाही. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. आणि मग एक अडचण उभी राहिली. ती तुम्हा शिक्षकमंडळींना सांगायला नको. पोरगा चौथी होतो, शाळा सोडतो, औताला लागतो. घरात पंचांगाशिवाय छापील कागद नाही. चार-सहा वर्षांत शिकलेली अक्षरे पुसट होतात आणि सही करताना हात थरथरतो. म्हणजे शाळेवर केलेला खर्च पाण्यात. शिकलेले टिकवायचे तर गावात पुस्तक हवे, हा महाराजांचा हिशेब होता.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० साली त्यांनी न्यू हेवन गावच्या विल्यम ॲलनसन बोर्डेन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्यास बोलावून घेतले. आता बघा, हे काम आपल्यातला एखादा दिवाण कसे करता? पुस्तकांची यादी करता, पेट्या भरता, उद्घाटनाला पागोटी बांधून माणसे जमवता. बोर्डेनला आणले ते खाते उभारायला. महाराजांनी राजवाड्यातला आपला सुमारे २० हजार ग्रंथांचा संग्रह लोकांसाठी दिला, त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय आकाराला आले. परंतु त्याबरोबरच बोर्डेनने माणसे शिकवायला घेतली. ग्रंथपालाचे काम ही शिकण्याची विद्या आहे, उरलेल्या कारकुनाला द्यायचे ओझे नव्हे, ही गोष्ट त्या काळी आपल्याकडे नवीच होती. (आजही ती सर्वांना पटली आहे असे मला वाटत नाही.) १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती मजकूरही असे, कारण वाचणारा कोण आहे याचे भान होते.

खात्याची एक शाखा शहरासाठी आणि एक खेड्यांसाठी. खेड्यांच्या शाखेत मोतीभाई अमीन या शिक्षकाला घेतले. या गृहस्थाने सरकारी हुकुमाची वाट न पाहता गावोगाव मित्रमंडळांची वाचनालये आधीच चालवली होती. ज्याने ते काम चपला झिजवून केले आहे त्यालाच त्या कामावर नेमणे, ही साधी गोष्ट आहे. पण कारभारात अशा साध्या गोष्टी फार थोड्या वेळा घडतात.

आता पैशाचे. गावाने वाचनालयासाठी काही रक्कम उभी करायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. गावासाठी या मदतीची मर्यादा वर्षाला १०० रुपयांपर्यंत होती. तीन वाटे, तीन धनी. यातली खुबी अशी, की गावाने पहिला रुपया काढल्याखेरीज पुढचे दोन हलत नसत. रुपया ज्याच्या खिशातून गेला तो कपाट बंद का आहे हे विचारतो. आमच्या ओवरीतल्या कपाटात माझ्या वडिलांचा एक पैसा नव्हता, म्हणून त्यांनी कधी विचारलेही नाही.

आणि ज्या गावाला तेवढेही जमत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी फिरती पेटी. मजबूत लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके घालून ती गावी धाडायची, मुदत संपली की परत मागवायची आणि दुसरी पाठवायची. गावात ती सांभाळायला बहुधा शाळामास्तरच असे. तो गावातच राहणारा आणि नावनिशीवार नोंद ठेवू शकणारा. विचार करा, ३० पुस्तके म्हणजे काहीच नाही. पण ती बदलत राहिली तर वर्षाकाठी शंभरावर नवी नावे त्या गावात येऊन जातात. आमच्या कपाटात याच्या कितीतरी पट पुस्तके होती, तीच ती, वर्षानुवर्षे! ज्यांना वाचताच येत नसे त्यांच्यासाठी खात्याने सिनेमा आणि जादूच्या कंदिलाची चित्रे दाखवण्याचीही सोय केली होती.

बोर्डेन १९१३ साली परत गेला. खाते मात्र त्याच्याबरोबर बोटीत बसले नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते चालवले आणि १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले; त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त आले. कोणत्याही खात्याच्या प्रमुखाची पारख तो खुर्चीत असताना होत नाही, तो गेल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी होते, असे मला वाटते.

अर्थात बडोद्याची नुसती आरती ओवाळायची नाही. सारा डोलारा एका राजाच्या इच्छेवर होता. १९३९ साली महाराज गेले, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजा असतो तोवर इच्छा असते. लोकराज्यात त्या जागी कायदा लागतो. मद्रासने तो १९४८ सालीच केला आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालयांसाठी उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, अमलात आला १ मे १९६८ रोजी. त्याने ग्रंथालय संचालनालय दिले, शिक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य ग्रंथालय परिषद दिली, जिल्ह्याला समिती दिली, आणि ग्रंथालय निधीत सरकारने दरसाल किमान २५ लाख रुपये घालावेत असे बांधून दिले. उपकर मात्र ठेवला नाही. वाचनालय चालवायचे गावच्या संस्थेने. सरकार मान्यता देणार, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवणार आणि त्याप्रमाणे अनुदान देणार.

या रचनेने गावोगाव वाचनालये झाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण अनुदान मिळते ते पुस्तकांच्या, वर्गणीदारांच्या आणि नियतकालिकांच्या संख्येवर, आणि संख्या वहीतही वाढवता येते. कपाट किती वेळा उघडले हे कोणत्या रकान्यात लिहायचे? बडोद्याची पेटी परत येई तेव्हा ती वाचली गेली की नाही हे पुस्तकांच्या कडांवरूनच समजत असेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावचे वाचनालय कोणत्या वर्गातले आहे हे ठाऊक आहे का? कार्यकारी मंडळात कोण आहे, वार्षिक सभा शेवटची कधी झाली? वर्गणी भरून सभासद व्हा आणि त्या सभेला जाऊन बसा. देव-घेव वही मागा. तिच्यात सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच बसणीत लिहिलेल्या दिसल्या, तर तिथेच, सभेतच, विचारा.

आमच्या गावी हे झाले, पण फार उशिरा. आता वाचनालय संध्याकाळी ५ ते ८ उघडे असते. किल्ली एका निवृत्त मास्तरांकडे आहे. परवा गेलो तेव्हा लहानपणी काचेतून नाव वाचलेले एक पुस्तक मागितले. मास्तर म्हणाले, “बाहेर गेलंय, एक मुलगी घेऊन गेलीय. पुढल्या आठवड्यात या.”