मिग्रोनची टेकडी

जेरुसलेम सोडून नाब्लुसच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की सुमारे 14 किलोमीटरवर रस्ता एका टेकडीला वळसा घालतो. त्या मुलखातील इतर टेकड्यांहून ही काही वेगळी नाही. चुनखडीचा दगड, दगडांच्या खाचांतून मातीचे पट्टे आणि खाली अरब शेतकऱ्यांची गावे. या रस्त्याने जा-ये करणाऱ्या इस्रायली वसाहतवाल्यांनी तक्रार केली, की या वळणावर मोबाइल फोन लागत नाही. तक्रार क्षुल्लक दिसते. परंतु तो काळ दंगलीचा आणि गोळीबाराचा होता. रस्त्यात संकट आले तर मदतीसाठी हाक मारता आली पाहिजे, म्हणून फोन हा संरक्षणाचा प्रश्न ठरला. आणि संरक्षणाचा प्रश्न ठरताच टेकडीच्या मालकांना विचारण्याचे कारण उरले नाही. टेकडीवर फोनचा मनोरा उभा राहणार असे ठरले.

पुढची हकीकत अशी नोंदली गेली आहे, की खरा मनोरा यायला उशीर लागला, तेव्हा आधी एक खोटाच खांब उभा करण्यात आला. खांब आला म्हणजे त्याला राखणदार हवा. राखणदारासाठी चाकांवरची एक खोली आली. त्याने भोवती कुंपण घातले. पुढे त्याची बायकामुले राहायला आली आणि मनोऱ्याच्या नावाने आलेली वीज व पाणी त्या बिऱ्हाडाला मिळाले. मार्च 2002 मध्ये आणखी पाच कुटुंबे आली. 2006 पर्यंत तेथे अशी साठ घरे, एक बालवाडी आणि एक प्रार्थनामंदिर झाले होते. वस्तीचे नाव मिग्रोन.

अशा वस्तीला हिब्रू भाषेत ‘माआहाज’ म्हणतात. धरून ठेवणे या अर्थाच्या धातूपासून हा शब्द झाला आहे. चढणाऱ्याने जेथे हात किंवा पाय रोवावा ती जागा. सरकारच्या ठरावाने बसवलेली वसाहत वेगळी आणि ठरावावाचून बसलेला हा माआहाज वेगळा, असा भेद इस्रायलचा कायदा करतो. जगातील बहुतेक राष्ट्रे मात्र हा भेद मानीत नाहीत. जिनिव्हाच्या चौथ्या कराराप्रमाणे युद्धात व्यापलेल्या प्रदेशात आपले लोक वसवता येत नाहीत, म्हणून दोन्ही प्रकार बेकायदा, असे त्यांचे म्हणणे. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही 2024 च्या आपल्या सल्लामतात तेच सांगितले. इस्रायल सरकारला हा अर्थ मान्य नाही. परंतु मिग्रोनची गोष्ट अशी, की ती इस्रायलच्या स्वतःच्या कायद्यापुढेही उभी राहू शकली नाही. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपल्याकडे जमिनीचा तंटा म्हटला की सातबाऱ्याचा उतारा पुढे येतो. त्या देशात त्याच मोलाचा कागद म्हणजे ‘ताबू’. तुर्की सुलतानांनी 1858 साली जमिनीचा कायदा केला. बहुतेक शेतजमिनीची अंतिम मालकी राज्याची, आणि कसणाऱ्याचा हक्क कसण्यापुरता. दहा वर्षे कसली तर हक्क पक्का. लागोपाठ तीन वर्षे पडीक टाकली तर हक्क जाण्याची भीती. ऐकताना हा आपल्या ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेचा जुना अवतार वाटतो. कसणाऱ्याला अनुकूल असा हा कायदा त्याच कसणाऱ्याच्या मुळावर येईल, हे सुलतानाच्या दिवाणांच्या मनातही आले नसेल. कर चुकवण्यासाठी म्हणा, सैन्यभरतीच्या धास्तीने म्हणा, पुष्कळ शेतकऱ्यांनी आपली नावे दफ्तरात घातलीच नाहीत. पुढे इंग्रजांनी आणि 1948 नंतर जॉर्डनच्या राज्याने गावोगाव मोजणी करून मालकी लिहून घेण्यास आरंभ केला. जून 1967 च्या युद्धात जॉर्डन नदीचा पश्चिम तीर इस्रायलच्या ताब्यात गेला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जमिनीचेच काम झाले होते. 1968 साली इस्रायली लष्कराच्या हुकमाने ते थांबले.

म्हणजे मोजणीदाराची साखळी कोणत्या बांधापर्यंत पोचली होती, यावर पुढच्या दोन पिढ्यांचे भवितव्य ठरले. 1979 साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एलोन मोरेच्या खटल्यात निकाल दिला, की संरक्षणाचे निमित्त सांगून खाजगी जमीन वसाहतीसाठी घेता येणार नाही. निकाल स्वच्छ होता. सरकारने त्यावर वाट काढली ती जुन्या तुर्की कायद्यातूनच. जी जमीन दफ्तरात कोणाच्या नावे नाही आणि जी कसलेली दिसत नाही ती राज्याची, आणि राज्य म्हणजे आता आपण. या युक्तिवादाने हजारो एकर जमीन ‘सरकारी’ जाहीर झाली आणि तिच्यावर वसाहती उठल्या. 1990 नंतरच्या दशकात ओस्लोच्या वाटाघाटी सुरू झाल्यावर उघडपणे नव्या वसाहती बसवणे सरकारला अवघड झाले; मग ठरावावाचूनच्या वस्त्यांचा हंगाम आला. नोव्हेंबर 1998 मध्ये परराष्ट्रमंत्री आरिएल शारोन यांनी तर वसाहतवाल्यांना जाहीरपणे सांगितले, की धावा आणि मिळतील तेवढ्या टेकड्या धरा.

मिग्रोनची टेकडी मात्र मोजणी झालेल्या भागातली निघाली. बुर्का आणि देइर दिब्वान या दोन गावांतील शेतकऱ्यांची नावे तिच्यावर दफ्तरात चढलेली होती. (बुर्का नावाचे दुसरे एक गाव नाब्लुसजवळ आहे, त्याच्या जमिनीवरील होमेशच्या वसाहतीचा वादही असाच लांबलेला आहे. नावसाधर्म्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून सांगितले.)

टेकडीवर राहणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ती माणसे नफ्यासाठी आलेली नव्हती. शमुवेलाच्या पुस्तकात शौल राजा मिग्रोन येथे डाळिंबाच्या झाडाखाली मुक्काम करून होता असा उल्लेख आहे, आणि आपण पूर्वजांच्या भूमीत परत आलो आहोत हे त्यांना मनापासून वाटत होते. मुले तेथे जन्मली, वाढली. सरकारी खात्याने वीज दिली, पाणी दिले, रस्ता दिला. मग आपण बेकायदा कसे, हा त्यांचा प्रश्न गैर नव्हता. त्याचे उत्तर 2005 साली सरकारनेच मागवलेल्या एका अहवालात सापडते. विधिज्ञ तालिया सासोन यांनी तो लिहिला. परवानगी नसलेल्या शंभराहून अधिक वस्त्या त्यांनी मोजल्या आणि दाखवून दिले, की त्या सरकारला नकळत उभ्या राहिल्या नसून सरकारची खातीच त्यांना पैसा पुरवीत होती. एकट्या मिग्रोनवर गृहनिर्माण खात्याचे चाळीस लाख शेकेलांहून अधिक खर्च झाले होते. हा अहवाल मागवणारे पंतप्रधान होते आरिएल शारोन. टेकड्या धरा म्हणणारे तेच, आणि टेकड्या कोणी धरल्या हे विचारणारेही तेच!

2006 च्या ऑक्टोबरात ‘पीस नाऊ’ या इस्रायली संस्थेच्या साह्याने शेतकरी सर्वोच्च न्यायालयात गेले. या खटल्यात वस्तुस्थितीचा वाद जवळजवळ नव्हताच. जमीन खाजगी आहे आणि पॅलेस्टिनी मालकांची आहे, हे सरकारने त्याच वर्षअखेर कबूल केले. कबुलीनंतर वस्ती उठण्यास मात्र सहा वर्षे लागली. 2008 च्या ऑगस्टपर्यंत उठवू, असे सरकारने सांगितले. ती मुदत गेली. मग वसाहतवाल्यांशी बोलणी झाली, की दुसरी जागा तयार होईपर्यंत थांबावे. मध्यंतरी टेकडीचा काही भाग आपण विकत घेतला आहे असा दावा पुढे आला. त्यासाठी दाखवलेल्या कागदांपैकी एकावर 2004 सालची सही होती. आणि ज्याची ती सही तो मालक 1961 मध्येच वारला होता, असे निष्पन्न झाले. मृताच्या अंगठ्याने जमीन फिरवण्याची विद्या आपल्याकडेच आहे असे समजणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

ऑगस्ट 2011 मध्ये मुख्य न्यायाधीश दोरित बैनिश यांच्या न्यायपीठाने मार्च 2012 अखेरची मुदत घालून दिली. त्यानंतर साधारण महिनाभराने तेथील तीन पक्की घरे पाडण्यात आली. त्याच रात्री दूर कुस्रा गावातील मशिदीला आग लावण्यात आली आणि भिंतीवर लिहिले गेले, मिग्रोन. कुस्राच्या लोकांचा या खटल्याशी काहीही संबंध नव्हता. सरकारने वसाहतवाल्यांशी तडजोड करून 2015 पर्यंत अवधी मागितला. न्यायालयाने तो नाकारला, काही महिन्यांची सवलत दिली, आणि 2 सप्टेंबर 2012 रोजी सुमारे पन्नास कुटुंबे टेकडी सोडून गेली. ती गेली साधारण दोन किलोमीटरवर, सरकारने त्यांच्यासाठी बांधून ठेवलेल्या घरांत. टेकडीचे नाव त्यांनी बरोबर नेले. नव्या वस्तीलाही मिग्रोनच म्हणतात.

जवळच्याच आमोना नावाच्या वस्तीची कथा याच वळणाने गेली. 2006 साली तेथील नऊ घरे पाडताना पोलीस आणि निदर्शक यांच्यात झालेल्या झटापटीत दोनशेहून अधिक लोक जखमी झाले, आणि 2017 च्या फेब्रुवारीत सारी वस्ती उठली. ती उठल्यानंतर चारच दिवसांनी इस्रायलच्या संसदेने 60 विरुद्ध 52 मतांनी एक कायदा संमत केला: खाजगी जमिनीवर सद्‌हेतूने किंवा सरकारच्या साह्याने घरे झाली असतील, तर जमिनीचा ताबा सरकारने घ्यावा आणि मालकाला मोबदला द्यावा, मालकाची संमती अनावश्यक. पुढे असे खटलेच उभे राहू नयेत, हा त्याचा उघड हेतू. जून 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. बुर्का आणि देइर दिब्वान येथील शेतकऱ्यांना जे मिळाले ते अशा रीतीने कायद्यात टिकून राहिले. परंतु ते ज्यांचे नाव दफ्तरात होते त्यांच्यापुरते.

ज्यांचे नाव नव्हते त्यांची संख्या फार मोठी आहे. 1968 साली बंद झालेले दफ्तर तसेच बंद होते. पश्चिम तीराचा साठ टक्क्यांच्या आसपास असलेला जो भाग पूर्णपणे इस्रायलच्या अखत्यारीत आहे, त्यात जमिनीची नोंदणी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय इस्रायलच्या मंत्रिमंडळ समितीने मे 2025 मध्ये घेतला. त्याच महिन्यात 22 वसाहतींना मंजुरी देण्यात आली. त्यांपैकी काही या आधीच बसलेल्या परवानगीवाचूनच्या वस्त्या आहेत, आणि होमेशचे नावही त्या यादीत आहे. जॉर्डनचे मोजणीदार जेथे थांबले होते तेथून पुढची नोंद आता इस्रायलचे अधिकारी करावयाचे आहेत, आणि आपले नाव लागावे म्हणून शेतकऱ्याला जुने कागद घेऊन त्यांच्याचसमोर उभे राहावे लागणार आहे.