हप्ता चुकला म्हणून गट मोडत नाही

कामं आवरली का? नसली आवरली तरी हरकत नाही. भाकरी थापता थापता, भांडी घासता घासता ऐका. आज आपण वजनाबद्दल बोलणार आहोत. पण 'हे खाऊ नका, ते खाऊ नका' अशी यादी आम्ही वाचणार नाही. ती तुम्हाला पाठ आहे आणि आम्हालाही.

आमचा गट बारा जणींचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी उपकेंद्रात तपासणी झाली. बारांपैकी पाच जणींची साखर जास्त निघाली, नाहीतर सीमेवर. गटातल्या एक काकू खुरपणीला जातात, त्यावरच त्यांचं घर चालतं. त्यांचे गुडघे इतके दुखायला लागले होते की खाली बसलं की उठवायला कोणीतरी लागायचं. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गुडघे गेले तर मजुरी गेली. पण हे वजन मी चारदा कमी केलंय गं, पाचव्यांदा परत येतंय."

आणि खरंच, आमच्यातल्या बहुतेकींनी कधी ना कधी वजन कमी केलेलं होतं. कुणी रात्रीचं जेवण सोडून, कुणी नुसतं गरम पाणी पिऊन. एका ताईंनी तर गटातून तीन हजारांचं अंतर्गत कर्ज काढून वजन उतरवायची पावडर घेतली. दोन महिन्यांत चार किलो उतरलं. डबा संपला आणि पुढच्या चार महिन्यांत सहा किलो चढलं. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते.

मग आम्ही तालुक्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना गटाच्या बैठकीला बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वजन कशानं कमी होतं, हे कुणाकुणाला माहीत आहे?" सगळ्यांनी हात वर केले. तेल कमी, साखर कमी, चालणं जास्त. त्या हसल्या. म्हणाल्या, "माहिती सगळ्यांना आहे. मग अडतं कुठं?" आम्ही गप्प.

अडतं ते सवयीत आणि मनात. म्हणून वजनावर मानसोपचारातला एक भाग वापरतात, त्याला वर्तनोपचार म्हणतात. 'मानसोपचार' हा शब्द ऐकून दचकू नका. डोकं फिरलं म्हणून हा उपचार नसतो. आपला हात डब्याकडे कधी जातो, का जातो, हे शोधायचं आणि तिथं थोडा बदल करायचा, एवढंच त्याचं काम.

१९६७ साली अमेरिकेत रिचर्ड स्टुअर्ट नावाच्या तज्ज्ञांनी आठ बायकांवर हा उपचार केला. त्यांनी त्यांना काय शिकवलं? खाल्लेलं लिहून ठेवा. घरात एकाच ठिकाणी बसून खा. खाताना दुसरं काही करू नका. जेवताना मध्येच घास थांबवून थोडा वेळ नुसतं बसा. साध्याच गोष्टी. वर्षभरात त्या आठही जणींचं वजन साधारण १२ ते २१ किलो उतरलं. सगळ्यांना एवढा फरक पडत नाही, पण वजनाच्या उपचारात सवयींकडे बघायचं असतं, हे तेव्हापासून जगाला कळायला लागलं.

आम्हीही वहीपासून सुरुवात केली. वही आपल्याला नवी नाही, बचतीची वही आपण वर्षानुवर्षं लिहितोय. एका पानावर चार रकाने पाडले. काय खाल्लं, किती वाजता, कुठं, आणि तेव्हा मनात काय होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खुणा केल्या. कपासाठी गोल, भाकरीसाठी मोठा गोल, राग आला असेल तर फुली. पहिला आठवडा काहीही बदलायचं नव्हतं, फक्त लिहायचं होतं.

आठ दिवसांनी वह्या उघडल्या आणि आमच्याच तोंडाला कुलूप लागलं. एका ताईंचा दिवसाला सात कप चहा निघाला, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर दिवसाला ७० ग्रॅम, म्हणजे महिन्याला दोन किलोहून जास्त साखर नुसत्या चहातून! काकूंच्या वहीत दुसरंच निघालं. त्या स्वतःच्या ताटात दीडच भाकरी घेत. पण नातवंडांनी टाकलेलं आणि कढईत उरलेलं 'अन्न वाया जायला नको' म्हणून उभ्या उभ्या खाऊन टाकत. ते त्यांनी कधी जेवणात धरलंच नव्हतं. आणि पावडरवाल्या ताई? त्यांचे मालक कामाला शहरात असतात. दुपारी घर रिकामं झालं की शेवेचा डबा मांडीवर यायचा. त्यांच्या वहीत दुपारच्या रकान्यात रोज एकच शब्द होता, 'एकटं'.

समुपदेशक ताईंनी समजावलं की सवयीला तीन कड्या असतात. आधी एक खूण येते, मग हात चालतो, मग जिवाला थोडा दिलासा मिळतो. भांडण झालं ही खूण, बिस्किटाचा पुडा फोडला ही कृती, दोन मिनिटं बरं वाटलं हा दिलासा. नुसतं 'खाऊ नको' म्हटलं की दिलासा जातो आणि दुःख तसंच राहतं. म्हणून सवय परत येते. त्यापेक्षा खूण बदलायची, नाहीतर दिलासा दुसरीकडून मिळवायचा.

मग प्रत्येकीनं एकच बदल निवडला. काकूंनी ठरवलं, उरलेलं अन्न आधी कोंबड्यांच्या आणि कुत्र्याच्या भांड्यात, आणि पोरांना वाढतानाच थोडं कमी वाढायचं. सगळ्यांचं झाल्यावर खरवडून खाण्यापेक्षा स्वतःचं ताट आधीच वाढून ठेवायचं आणि खाली बसून जेवायचं. चहावाल्या ताईंनी सातचे चार कप केले आणि साखर एक चमचा. एकट्या ताईंनी शेवेचा डबा माळ्यावर टाकला आणि दुपारी तीन वाजता शेजारणीबरोबर शिवणाला बसायचं ठरवलं. त्या सांगतात, "भूक नव्हतीच गं, बोलायला कुणीतरी हवं होतं."

कुणी म्हणेल, आम्ही शेतात राबतो, आम्हाला कसला व्यायाम? राबतो हे खरंच आहे. पण काम हंगामाचं असतं. सुगी संपली की हात बसतात आणि भाकऱ्या तेवढ्याच राहतात. म्हणून काम नसलेल्या दिवसांत आम्ही संध्याकाळी अर्धा तास एकत्र चालतो.

आता मनातल्या वाक्यांबद्दल. वटपौर्णिमेला एका ताईंनी पुरणपोळ्या खाल्ल्या. त्यांच्या मनात आलं, 'झालं, सगळं पाण्यात गेलं. आता काय राहिलंय?' आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी वहीच उघडली नाही. सांगा बरं, वजन कशानं वाढलं? एका दिवसाच्या पोळ्यांनी, की त्या एका वाक्यानं? अल्बर्ट एलिस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५५ सालापासून हेच मांडलं. घटनेपेक्षा, घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो त्यानं आपण जास्त कोलमडतो. 'मला जमलंच पाहिजे, नाही जमलं तर मी बिनकामाची' हा हट्ट सोडायला त्यांनी शिकवलं. डॉ. अंजली जोशी यांनी त्यांच्यावर मराठीत 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली आहे. वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा.

आम्ही त्या ताईंना आपल्या भाषेत विचारलं, "एखादीचा हप्ता चुकला तर आपण गट मोडतो का?" त्या म्हणाल्या, "छे, पुढच्या महिन्यात भरायला सांगतो." बस्स, तसंच आहे हे. चुकलेल्या दिवसाचा दंड म्हणून उपाशी राहायचं नाही. पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू करायचं.

वजन परत येतं त्यात आपल्या आळसाचाच दोष नसतो, हेही ऐका. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून खर्च करतं. शिवाय उपचार थांबला की जुन्या सवयी हळूहळू डोकं वर काढतात. म्हणून तज्ज्ञ सांगतात की भेटीगाठी चालू ठेवा. इथं आपण नशीबवान आहोत. शहरातल्या बाईला यासाठी पैसे मोजून गट शोधावा लागतो. आपला गट तर दर महिन्याला बसतोच!

आणि उतरवायचं तरी किती? अमेरिकेत २००२ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं ध्येय दिलं होतं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ७० किलोच्या बाईला ७ टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. चेन्नईत २००६ साली असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं वजन फारसं न घटताही, नुसत्या आहार-व्यायामाच्या सवयींनी धोका २८ टक्क्यांहून जास्त कमी झाला. म्हणजे काटा हलला नाही तरी मेहनत फुकट जात नाही. काट्यासोबत शिवणाच्या टेपनं कंबरही मोजा. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर जपायला हवं.

काही गोष्टी जपून. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा आधीच अशक्त बहिणींनी वजन उतरवायच्या मागे लागू नये. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये, उपवास करू नये. थायरॉईडमुळे आणि काही औषधांनीही वजन वाढतं, म्हणून आधी तपासणी. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आणि चोरून खूप खाणं, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढणं, सतत रडू येणं, जगू नये वाटणं, यातलं काही होत असेल तर एकटीनं सोसू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आमच्या गटात आम्ही दोन नियम केले. कुणाचं वजन मोठ्यानं वाचायचं नाही, आणि कुणाला 'जाडे' म्हणायचं नाही, गमतीनंसुद्धा नाही.

दहा महिने झाले. सगळ्या बारीक झाल्या असं आम्ही सांगणार नाही. दोघींचं वजन तेवढंच आहे. एकीचं घरात दुःख झाल्यावर परत वाढलं, पण ती बैठकीला येते आणि वही लिहिते. पावडरवाल्या ताईंचं तीन किलो उतरलं आणि कर्जही फिटलं. काकूंचं चार किलो उतरलं. गेल्या आठवड्यात त्या खुरपणीच्या रांगेतून कुणाचा हात न धरता उठल्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं आमच्याकडे बघून हसल्या.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम एवढंच. जुनी वही घ्या, चार रकाने पाडा आणि सात दिवस लिहा. काही सोडू नका, काही बदलू नका, फक्त लिहा. आणि पुढच्या बैठकीला ती वही बचतीच्या वहीसोबत घेऊन या.