परीक्षा आपली, उत्तरही आपलंच

आम्ही मुलुंडच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. तुमच्या गावाकडचा माल घेऊन येणाऱ्या कितीतरी गाड्या आमच्या चेकनाक्यावरून मुंबईत शिरतात. 2017 मध्ये जकात बंद झाली. त्याआधी इथं ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागायच्या. आमच्यातल्या दोघीतिघींनी त्या ड्रायव्हरांना जेवणाचे डबे पुरवलेत. पण त्या स्टिअरिंगमागे बाई बसू शकते, हे तेव्हा आमच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढं गटानं कर्ज काढून एक जुना टेम्पो घेतला. पापड, मसाले, दिवाळीचा फराळ घाटकोपर, अंधेरीपर्यंत पोचवायचा. एका दिवाळीत ऐन मोक्याला ड्रायव्हर चार दिवस आलाच नाही. चकल्या मऊ पडल्या, गिऱ्हाईक तुटलं, हप्ता मात्र थांबला नाही. टेम्पो दारात उभा आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसलेलो. त्या दिवशी ठरलं, आपल्यातल्या तिघींनी परवाना काढायचा.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. त्यासाठी संगणकावर प्रश्नांची परीक्षा असते. मराठीतून देता येते. विचारलेल्या प्रश्नांपैकी शेकडा 60 उत्तरं बरोबर हवीत. 2021 पासून आधार कार्डावरून ही परीक्षा घरबसल्याही देता येते. नाहीतर आरटीओ आहेच. आम्हा मुलुंड-घाटकोपरवाल्यांचं वडाळ्याला. अंधेरीचं आणि बोरिवलीचं वेगळं.

पहिल्या वेळी आमच्यातल्या एक काकू नापास झाल्या. घरी येऊन गप्पच बसल्या. दुसऱ्या दिवशी एक एजंट आला. म्हणाला, ‘कशाला त्रास घेता? पैसे द्या, आधार नंबर आणि मोबाइलवर येणारा ओटीपी द्या. परीक्षा आम्ही देतो.’ काकूंनी पर्स उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी बोलल्या, ‘अगं, उद्या रेल्वेच्या फाटकावर गाडी अडली, तर हा येणार आहे का उत्तर द्यायला?’

पर्स मिटली. मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

मग आम्ही आठ दिवस रोज रात्री भांडी आवरून बसायचो. आधी आमची चूक काय झाली होती? आम्ही उत्तरं पाठ केली होती. प्रश्न जरा फिरवून आला की गोंधळ. आता आम्ही कारण विचारायला लागलो.

रस्त्यावरच्या पाट्या आम्ही आकारावरून शिकलो. भाकरीसारखी गोल पाटी म्हणजे हुकूम. लाल कडेची असेल तर बहुतेक वेळा मनाई, निळी असेल तर ‘असंच करा’. समोशासारखी त्रिकोणी पाटी म्हणजे सावध, पुढं वळण आहे, शाळा आहे, फाटक आहे. पाटासारखी चौकोनी म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप. त्रिकोण उलटा दिसला तर समोरच्याला वाट द्यायची. आठ कोनांची लाल पाटी दिसली की थांबायचंच.

काकू कशात चुकल्या होत्या? पहारेकरी नसलेल्या फाटकाच्या प्रश्नात. त्यांनी ‘हॉर्न वाजवून पटकन निघा’ हे उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर असं, की गाडी थांबवायची, क्लिनरनं उतरून दोन्ही बाजूंनी रेल्वे येत नाही ना ते बघायचं, आणि क्लिनर नसेल तर चालकानं स्वतः उतरायचं. हा कायदा आहे. कारण कळलं, तेव्हा काकू म्हणाल्या, ‘आता हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.’

असेच आणखी काही प्रश्न. अपघात झाला तर आधी जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि पोलिसांना कळवायचं, पळून जायचं नाही. घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची. रुग्णवाहिका आली की बाजूला व्हायचं. परवाना, आरसी, विमा, पीयूसी ही कागदपत्रं जवळ हवीत. मालाच्या गाडीला फिटनेस आणि लागू असेल तर परमिटसुद्धा लागतं.

दुसऱ्या वेळी काकू पास झाल्या.

आता पुढचा जिना सांगतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. ‘एल’ची पाटी लावून, शेजारी परवानाधारक माणूस बसवूनच गाडी चालवायची. 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी गाडी चालवून दाखवायची. हलक्या गाडीचा परवाना आला, की छोटा टेम्पोही चालवता येतो. एकूण वजन 7,500 किलोच्या आतल्या मालगाडीला वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024 मध्ये दिला आहे. आपल्या गाडीचं वजन आरसीवर बघून घ्या.

त्यावरचा मोठा ट्रक हवा असेल, तर वय 20 पूर्ण हवं आणि हलक्या गाडीचा परवाना काढून एक वर्ष झालेलं हवं. मग मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली. म्हणजे शाळा सुटली म्हणून परवाना अडत नाही.

‘बाईनं ट्रक?’ असं कुणी विचारलं, तर नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचं नाव सांगा. वकिलीची पदवी असलेल्या या बाईंनी पतीच्या निधनानंतर दोन मुलांना वाढवण्यासाठी ट्रक हाती घेतला आणि राज्याराज्यांतून माल वाहिला. आपल्या एसटीतही 2023 पासून महिला चालक दिसू लागल्या आहेत.

आमच्या काकू आता टेम्पो चालवतात. त्यांचं एक वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने उरलेत. मग त्या मोठ्या परवान्याला बसणार आहेत. आणि गेल्या दिवाळीला आमचा फराळ वेळेवर पोचला.

तुमच्याही गटात टेम्पो असेल, नाहीतर घरी ट्रॅक्टर असेल. चावी कुणाकडे असते, ते एकदा बघा. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही मिटली, की अर्धा तास पाट्यांचा ठेवा. एकीनं विचारायचं, दुसरीनं कारणासकट सांगायचं. आणि ओटीपी मात्र कुणालाही देऊ नका.

येतो आम्ही. नमस्कार.