उघडी राहिलेली दिंडी



आजचा विषय संगणकाचा असला, तरी तो आपल्या घराच्या दाराशी येऊन भिडतो. गाणी एका घरच्या संगणकावरून दुसऱ्या घरी परस्पर नेण्याची सोय १९९९ साली नॅपस्टरने लोकप्रिय केली. या व्यवहारात मध्ये कोठार नसते. जो गिऱ्हाईक तोच दुकानदार. आपण गाणे घेतले हे आपल्या लक्षात राहते. त्याच वेळी आपले कपाटही लोकांसाठी उघडे आहे, याचा मात्र विसर पडतो.

२००२ साली गुड आणि क्रेकेलबर्ग या अभ्यासकांनी काझा या प्रणालीची पाहणी केली. बारा जणांना त्यांनी विचारले, “तुमच्या संगणकातले काय काय बाहेर खुले आहे?” बरोबर उत्तर दोघांनाच देता आले!

याचे फळ जपानने भोगले. तेथे इसामू कानेको यांनी २००२ साली विनी ही प्रणाली काढली. पुढल्याच वर्षी अँटिनी हा विषाणू तिच्यात शिरला. तो हव्याशा फाइलीचे सोंग घेऊन येई आणि उघडताच मालकाचे खाजगी कागद चव्हाट्यावर मांडी. २००४ साली पोलिसांच्या तपासाचे कागद असेच बाहेर पडले. २००६ साली नौदलाच्या एका विनाशिकेची गुप्त माहिती फुटली, तीही एका नौसैनिकाच्या खाजगी संगणकातून. त्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव शिंझो आबे यांना, विनी वापरू नका, असे जनतेला जाहीरपणे सांगावे लागले. कानेको यांच्यावर खटला झाला. २००६ साली दंड झाला, २००९ साली ते अपिलात सुटले आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. कर्ता सुटला, सुटलेले कागद मात्र परत आले नाहीत.

मग हे साधनच टाकून द्यावे काय? आम्ही तसे म्हणत नाही. लिनक्ससारख्या मोफत प्रणाली बिटटोरेंटने आजही उजळ माथ्याने वाटल्या जातात. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या संगणकावर मुलगा गाणी उतरवतो, त्यावर वडिलांनी कचेरीचे कागद आणि बँकेचे हिशेब ठेवू नयेत. कोणता फोल्डर बाहेर खुला आहे, हे स्वतः पाहावे. गाण्याच्या नावाने आलेली फाइल खरोखर गाणेच आहे की प्रोग्रॅम, हे पाहिल्यावाचून ती उघडू नये.

उसनी दिलेली वस्तू परत मागता येते. गेलेली प्रत परत मागता येत नाही. म्हणून दिंडीची कडी आधीच पाहावी, एवढीच आमची विनंती.