एका शिकाऊ माणसाचें संकेतस्थळ



आपल्या धर्मग्रामाच्या संकेतस्थळाविषयीं मीं दोन शब्द बोलावे, अशी महोत्सव-समितीची आज्ञा झाली आहे. मी ह्या शास्त्राचा पंडित नव्हे. हिशेबाच्या वह्या लिहिण्यांत माझा जन्म गेला. परंतु गेलीं तीन वर्षें तें काम माझ्याकडे असल्यामुळें, ठेंचा खात जें शिकलों तेवढें आपणांपुढें ठेवतों.

टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थानें जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं विश्वजालाची कल्पना मांडली, आणि १९९३ सालीं त्या संस्थेनें तें तंत्र सर्वांस विनामूल्य मोकळें केलें. आरंभीं प्रत्येक पान सांकेतिक खुणांसह हातानें लिहावें लागे. पन्नास पानांच्या माथ्यावरील एक शब्द बदलावयाचा तर पन्नास ठिकाणीं हात घालावा लागे. हा जाच ज्या साधनानें दूर केला त्यास आशय-व्यवस्थापन प्रणाली असें जड नांव आहे. आपण वापरतों ती वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल ह्या दोघांनीं बी-टू नांवाच्या जुन्या प्रणालीच्या पायावर ती रचून २७ मे २००३ रोजीं प्रसिद्ध केली. तिची संहिता कोणासही पाहतां, बदलतां व वांटतां येते; परवान्यास पैसा पडत नाहीं. (जागेचें भाडें व नांवाची वार्षिक वर्गणी मात्र द्यावी लागते, हें खजिनदारांस ठाऊक आहेच.)

माझ्यासारख्या वहीवाल्यास तिचें मर्म चटकन् उमगलें. आपण मजकूर एकदांच लिहितों. रोजकिर्दींत नोंद व्हावी तसा तो माहितीकोशांत जाऊन बसतो. मग वाचक आला कीं प्रणाली त्या नोंदी काढून, थीम नांवाच्या सांच्यांत बसवून, पान तयार करून देते. खतावणी तिची तीच करते. थीम बदलली तरी मजकूर जागच्या जागीं राहतो. जें मूळ प्रणालींत नाहीं तें प्लगइन नांवाच्या जोडांनीं मिळतें, आणि येथेंच नवशिक्याचा लोभ अनावर होतो. मीं पहिल्या महिन्यांत एकवीस प्लगइन चढविले. आज सात आहेत, आणि त्यांतलाही एखादा काढतां येईल असें वाटतें.

लिपीविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. फादर स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें तें रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळ्यांची सोय नव्हती. आमच्याकडे खिळे होते, पण निराळीच अडचण! जुनीं पत्रकें ज्या टंकांत लिहिलेलीं होतीं, तो टंक दुसऱ्याच्या यंत्रावर नसला कीं अक्षरांचा चिवडा दिसे. युनिकोडमध्यें प्रत्येक अक्षरास एक ठरीव क्रमांक असतो, म्हणून तें सर्वत्र तेंच राहतें. तीं पत्रकें पुन्हां टंकित करण्यांत माझा एक उन्हाळा गेला.

चुका पुष्कळ केल्या. रंग बदलण्यासाठीं थीमच्या मूळ फाइलींतच हात घातला. सुधारित आवृत्ति चढवितांच माझे सर्व बदल पुसले गेले. असे बदल उप-थीम करून तींत ठेवावयाचे असतात. छायाचित्रें कॅमेऱ्यांतून निघालीं तशींच, पांच-पांच मेगाबाइटचीं, चढविलीं. आखातांत नोकरीस असलेल्या आपल्या मुलांना पान उघडेपर्यंत चहा होत असे. आतां तीं लहान करून चढवितों.

परंतु ज्या चुकीचें शल्य अद्याप आहे ती निराळी. गेल्या पावसाळ्यांत आपल्यांतील एका वृद्ध भगिनीचा अंत्यविधि सायंकाळीं पांच वाजतां ठरला होता. पाऊस पाहून तो चारवर आणला. मीं सूचना तत्काळ बदलली, मुखपृष्ठ उघडून पाहिलें, चार दिसले, निश्चिंत झालों. नाशिकहून निघालेल्या त्यांच्या धाकट्या बंधूंनीं वाटेंत तेंच मुखपृष्ठ पाहिलें, तों तेथें पांचच. ते पावणेपांचला पोंचले तेव्हां कबरीवर माती पडून गेली होती. ते मला एक शब्दही बोलले नाहींत. फोनवरचें तें पान फक्त माझ्यापुढें धरलें.

कारण शोधण्यांत माझी ती रात्र गेली. पान लवकर उघडावें म्हणून मीं एक प्लगइन बसविला होता. तो तयार पानाची प्रत सांठवून येणाऱ्यास तीच देतो. सूचनेचें पान बदलतांच त्याची जुनी प्रत त्यानें टाकून दिली. परंतु मुखपृष्ठावरील सूचनांची पेटी दुसऱ्या जोडानें भरली जाते, त्यामुळें मुखपृष्ठाची जुनी प्रत तशीच राहिली. मला नवी वेळ दिसली, कारण व्यवस्थापक म्हणून आंत शिरलेल्यास असले प्लगइन बहुधा ताजें पान रचून देतात. घरच्या धन्याला ताजें आणि पाहुण्याला शिळें!

तेव्हांपासून मुखपृष्ठ मीं सांठवणींतून वगळलें आहे. बदल केला कीं बाहेर पडून पत्नीच्या फोनवर पान पाहतों. आणि अंत्यविधीची वेळ बदलली तर संकेतस्थळावर विसंबत नाहीं. घरच्या मंडळीस विचारून, परगांवाहून येणाऱ्या प्रत्येकास स्वतः फोन करतों.

ह्या महोत्सवाचीं व मागील समारंभांचीं छायाचित्रें चढवावयाचीं आहेत. ज्यांना दिसत नाहीं त्यांचा फोन चित्राखालचें वर्णन वाचून दाखवितो, म्हणून प्रत्येक चित्रामागें वर्ष व प्रसंग लिहून द्यावा. पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मी सभागृहांत बसेन. दोन तरुण मदतीस आले तर हवेच आहेत, मात्र संगणक एकच असल्यामुळें एकानें आपला आणावा.