तारेभोवतीची धावपळ

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वाटीभर भात मिनिटभरात वाफाळतो. ज्या लहरींमुळे तो तापतो, त्या जन्माला येतात बटणांच्या पट्टीमागे, पत्र्याआड बसवलेल्या मॅग्नेट्रॉनमध्ये. तिथे इलेक्ट्रॉनांचं जे चालतं, ते कोणीही थक्क व्हावं असंच आहे.

मॅग्नेट्रॉन म्हणजे आतली हवा पूर्ण काढून घेतलेली तांब्याची नळी. तिच्या मधोमध टंगस्टनच्या तारेचं वेटोळं असतं. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. तार आणि तांब्याची भिंत यांच्यात सुमारे ४००० व्होल्टचा दाब असल्यामुळे ते थेट भिंतीवरच आदळायचे. पण नळीच्या वर आणि खाली कड्यासारखी दोन चुंबकं बसवलेली असतात. चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनाची वाट सतत वळत राहते. तो भिंतीकडे झेपावतो, वळतो, तारेकडे परततो, पुन्हा झेपावतो. अशा असंख्य इलेक्ट्रॉनांचा ढग तारेभोवती गरगरत राहतो.

भिंतही सलग नसते. घरगुती ओव्हनमध्ये बहुधा तांब्याच्या दहा पट्ट्या केंद्राकडे आलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये दहा पोकळ्या. ढग जवळून फिरू लागला की या पोकळ्यांत विद्युत आंदोलनं सुरू होतात, सेकंदाला सुमारे २४५ कोटी. शेजारच्या दोन पट्ट्यांची टोकं आळीपाळीने धन आणि ऋण होत राहतात.

खरी कमाल इथून पुढे आहे. पोकळीजवळच्या विद्युतक्षेत्राने एखाद्या इलेक्ट्रॉनाचा वेग वाढवला, तर त्याने ऊर्जा घेतली. पण वेग वाढताच चुंबक त्याला जास्त जोराने वळवतं आणि तो लगेच तारेवर जाऊन आदळतो. ज्याला क्षेत्राने रोखलं, त्याने ऊर्जा दिली. त्याच्यावरची चुंबकाची पकड सैल होते, तो थोडा बाहेर सरकतो, पुन्हा ऊर्जा देतो आणि असं करत करत भिंत गाठतो. घेणारे झटपट बाद होतात, देणारे शेवटपर्यंत टिकतात. ही निवड बाहेरून कोणी करत नाही, लहरीच करतात! टिकलेले इलेक्ट्रॉन एकत्र येऊन चाकाच्या आऱ्यांसारख्या पाच रांगा धरतात आणि ते अदृश्य चाक सेकंदाला सुमारे ४९ कोटी फेऱ्या मारतं.

अमेरिकेत आल्बर्ट हल यांनी १९२१ मध्ये साधा मॅग्नेट्रॉन मांडला. पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन मात्र बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी २१ फेब्रुवारी १९४० रोजी प्रथम चालवला, तो युद्धातल्या रडारसाठी. त्यावर अन्न शिजवण्याची कल्पना पर्सी स्पेन्सर यांची, १९४५ सालची.

ओव्हन रिकामा चालवला, तर शोषल्या न गेलेल्या लहरी परतून मॅग्नेट्रॉनलाच तापवतात. तेव्हा तसं करू नये. आणि ओव्हनचं आवरण घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. दुरुस्ती जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.